ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहाची 2026ची पुस्तिका: सांगाडा भक्कम, मराठी मात्र आपली आपण

18 ते 25 जानेवारी हे मोजून आठ दिवस होतात. इंग्रजी ‘वीक’मध्ये ते मावत नाहीत, मराठी ‘आठवड्या’त मात्र आठ शब्दातच बसलेला आहे. या आठ दिवसांत सगळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांनी एकत्र प्रार्थना करावी, म्हणून जिनिव्हातली जागतिक चर्च परिषद आणि व्हॅटिकनचा ख्रिस्ती ऐक्याचा विभाग मिळून दरवर्षी एक पुस्तिका काढतात. दोघांनी मिळून तयार केलेलं साहित्य 1968 पासून वापरात आहे. पीडीएफ फुकट मिळते. दरवर्षी एखाद्या देशातल्या मंडळ्यांकडे, म्हणजे चर्चकडे, मसुदा सोपवतात आणि 2026चा मसुदा आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चने, तिथल्या कॅथलिक आणि इव्हँजेलिकल आर्मेनियन बांधवांना सोबत घेऊन तयार केला. हे परीक्षण एका मर्यादित प्रश्नाचं आहे: भायखळा, गिरगाव, वांद्रे, वसई इथल्या मराठी मंडळ्यांनी ही पुस्तिका घेतली, तर ती जशीच्या तशी चालते का?

चालत नाही. पण टाकून देण्यासारखीही नाही. मूळ पुस्तिका इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशा मोजक्या भाषांत निघते, मराठी त्यात नाही. आयोजकांसाठीच्या सुरुवातीच्या पानांवरच म्हटलेलं असतं की हे साहित्य आपापल्या ठिकाणी जुळवून घ्या. ही मोकळीक शब्दशः घ्यावी. बांधणी अशी: निवडलेला शास्त्रपाठ, विषयाची ओळख, एका संयुक्त उपासनेचा पूर्ण क्रम, आठ दिवसांची चिंतनं व प्रार्थना, आणि शेवटी यजमान देशातल्या मंडळ्यांची माहिती व सप्ताहाचा इतिहास. मुंबईत खरं काम पडतं ते उपासनेच्या क्रमाशी. रोजची चिंतनं आटोपशीर आहेत, घरगुती प्रार्थनागटाला पुरतात, त्यावर जास्त लिहायला नको.

तारखांबद्दल थोडं. 1908 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर इथे पॉल वॉटसन यांनी हे अष्टक सुरू केलं. त्या वेळच्या पंचांगात 18 जानेवारीला पेत्राच्या आसनाचा सण होता आणि 25ला पौलाच्या परिवर्तनाचा. दोन प्रेषितांच्या मधले आठ दिवस, म्हणून ही निवड. सुरुवातीचा सूर ‘रोमकडे परत या’ असा होता. 1930च्या दशकात फ्रान्समधल्या पॉल कुतुरिए या धर्मगुरूंनी तो बदलला. ऐक्य ख्रिस्ताला हवं तसं आणि त्याला हव्या त्या मार्गाने व्हावं, एवढंच मागायचं. प्रोटेस्टंट मंडळीत कुणी ‘हा कॅथलिकांचा कार्यक्रम ना?’ असं विचारलं तर पुस्तिकेतला हा इतिहासाचा भाग काढून दाखवावा.

मुंबईत मात्र या तारखांनी पंचाईत होते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते. दक्षिण मुंबईपासून माहीम-वांद्र्यापर्यंतचे रस्ते दुपारपर्यंत धरता येत नाहीत. 2026मध्ये 18 तारीख नेमकी तिसरा रविवार. 25लाही रविवारच, पण त्या दिवशी कॅथलिकांकडे देववचनाचा रविवार असतो आणि प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) स्वतंत्र कार्यक्रम ठरलेले असतात. शिवाय 1993ची व्हॅटिकनची ऐक्यविषयक मार्गदर्शिका सांगते की रविवारच्या मिस्साचं (कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेचं) बंधन लक्षात घेता संयुक्त उपासना रविवारी ठेवणं इष्ट नाही. शनिवार संध्याकाळही अडते, कारण ती मिस्सा रविवारची धरली जाते. उरतो मधला वार, संध्याकाळी साडेसात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं चर्च, आणि नऊच्या आत सांगता. त्याहून उशीर केला तर विरार आणि कल्याणची माणसं शेवटचं गीत सुरू व्हायच्या आधी उठतात.

आता विषयाकडे. विषयाचं वचन आहे इफिसकरांस पत्र, अध्याय 4, वचन 4: एक शरीर, एक आत्मा, एक आशा. पुस्तिकेच्या मथळ्यावर एवढंच आहे आणि माझी पहिली तक्रार इथेच आहे. पौलाचं वाक्य तिथे संपत नाही. 4 ते 6 या तीन वचनांत सात वेळा ‘एक’ येतो: शरीर, आत्मा, आशा, प्रभू, विश्वास, बाप्तिस्मा आणि शेवटी सर्वांचा पिता असलेला देव. बारकाईने पाहिलं तर चौथ्या वचनात आत्मा आहे, पाचव्यात प्रभू आणि सहाव्यात पिता. म्हणजे विश्वासणाऱ्यांचं ऐक्य कशावर उभं आहे, तर देवाच्या एकपणावर. आणि तो एकपणा पौल पायरीपायरीने वर चढत सांगतो. पोस्टरवर चौथं वचन एकटंच छापलं की वरची पायरी दिसत नाही, आणि ‘आपण सगळे एक’ असं कुठल्याही सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या फलकावर शोभेल असं वाक्य उरतं. वाचन 4:1 ते 6 असंच ठेवा, आणि पोस्टरवर सहावं वचनही येऊ द्या.

मराठीत आणखी एक गोम आहे, ती मूळ पुस्तिका करणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. ‘एक देव’ असं नुसतं लिहिलं तर मराठी कानाला ‘कुठला तरी एक देव’ असंही ऐकू येतं, जसं ‘एक माणूस आला होता’. इथे ‘च’ हवाच. ‘शरीर एकच, आत्मा एकच, प्रभू एकच.’ पत्रिका जुळवताना ओळ लांब होते म्हणून सात जागांपैकी दोनतीन ठिकाणचा ‘च’ गळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मुद्रित तपासताना सात ‘च’ बोट ठेवून मोजावेत. जोडीला जुन्या करारातला पाठ घ्यायचा असेल तर ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 6:4 घ्या, ‘हे इस्राएला, श्रवण कर’ हे वचन. मार्क 12:29 मध्ये येशूच ते उद्धृत करतो. बायबल सोसायटीच्या जुन्या वळणाच्या आवृत्तीत इथे परमेश्वराला ‘अनन्य’ म्हटलंय. अनन्यभावाने शरण जाण्याची भाषा ज्या मातीत रुजली आहे, तिथे हा शब्द ‘एकच’पेक्षा खोल जातो. वाचकाने तो घाईत गिळू नये, एवढीच सूचना.

कुठलं भाषांतर छापायचं, हा प्रश्न सोपा वाटतो पण भांडण तिथूनच सुरू होतं. प्रोटेस्टंटांच्या कानात इफिसकरांच्या याच वचनातलं जुनं ‘पाचारण’ (बोलावणं) बसलंय. तरुण मुलांना तो शब्द ‘अग्निशमन दलाला पाचारण’ एवढ्यापुरताच माहीत असतो. कॅथलिकांच्या वाचनपाठातली मराठी वेगळ्या वळणाची. मध्यम मार्ग असा: उपासनेत मोठ्याने वाचायचा पाठ यजमान मंडळीच्या नेहमीच्या बायबलमधून घ्यावा, आणि छापील पत्रिकेत इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनचा मराठी मजकूर वापरावा. तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली आहे, श्रेय दिलं की छापायला वेगळी परवानगी लागत नाही. संत पॉल की पौल, हे मात्र आधी ठरवा आणि सगळीकडे एकच ठेवा.

उपासनेचा क्रम हा पुस्तिकेचा सर्वांत चांगला भाग. शब्दांची उपासना आहे, प्रभुभोजन किंवा मिस्सा नाही. त्यामुळे कुणी कुणाच्या वेदीपाशी जायचं हा प्रश्नच उठत नाही. मुंबईसाठी वेळ अशी बसते: प्रवेशगीत आणि मिरवणूक 8 मिनिटं, स्वागत 3, पापकबुली 5, तीन वाचनं आणि स्तोत्र 12, प्रवचन 12, विश्वासांगीकार (सर्वांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली) 3, मध्यस्थीच्या प्रार्थना 8, प्रभूची प्रार्थना व शांतीची देवाणघेवाण 5, आशीर्वाद व शेवटचं गीत 5. एकूण 61 मिनिटं. हे गणित बिघडतं ते स्वागतात. पाहुणे चार पंथांचे, म्हणजे शाली चार, श्रीफळं चार, प्रत्येकाचा परिचय आणि वर प्रास्ताविक. तीन मिनिटांची वीस होतात. सत्कार करायचाच असेल तर आशीर्वादानंतर, चहाच्या टेबलापाशी करा. प्रवचन एकानेच करावं. दोघांना दिलं की दोघेही ‘मी थोडक्यातच बोलतो’ म्हणतात.

खरी कसोटी प्रभूच्या प्रार्थनेची. पुस्तिकेत एका ओळीची सूचना असते, की आपापल्या भाषेत एकत्र म्हणावी. इंग्रजीत ते जमून जातं. मराठीत कुणी ‘ऋणे सोड’ म्हणतो, कुणी ‘अपराधांची क्षमा कर’, आणि त्या एका ओळीवर अख्खं चर्च दोन तुकड्यांत फुटतं, नेमकं क्षमेच्या वाक्यावर. त्यापुढे ‘वाइटापासून सोडव’ आलं की कॅथलिक बाजू ‘आमेन’ म्हणून थांबते आणि प्रोटेस्टंट बाजू ‘कारण राज्य, पराक्रम व गौरव’ म्हणत पुढे जाते. ज्यांचं ‘आमेन’ आधी झालं ते अवघडून छताकडे पाहतात. यावर उपाय आहे. गौरवाची ती ओळ कॅथलिक मिस्सातही आहे, फक्त मधल्या एका प्रार्थनेनंतर येते. त्यामुळे ती म्हणायला कुणाची हरकत नसते. पूर्ण प्रार्थना पत्रिकेत छापा, ‘ऋणे’ की ‘अपराध’ हे दोन्ही बाजूंच्या धर्मगुरूंनी आधी ठरवावं, आणि उपासना चालवणाऱ्याने ‘पत्रिकेत दिल्याप्रमाणे’ हे दोन शब्द मोठ्याने उच्चारावेत. ते विसरले तर माणसं डोळे मिटतात आणि लहानपणचं पाठांतर सुरू होतं. ‘आमची रोजची भाकर’ यावर मात्र कुणाचं दुमत नसतं.

विश्वासांगीकारात तीन ठिकाणी पाय अडकतो. पहिला शब्द ‘कॅथलिक’. प्रोटेस्टंट मराठीत ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ म्हणतात, कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. ग्रीकमधल्या मूळ शब्दाचा अर्थ सार्वत्रिक असाच आहे, तेव्हा तो शब्द घ्यायला हरकत नाही. ‘मंडळी’ की ‘ख्रिस्तसभा’ यावर मात्र तडजोड करावी लागते. ‘चर्च’ हा शब्द ऐकायला रुक्ष असला तरी दोघांना परका नाही. दुसरी अडचण पवित्र आत्म्याबद्दलच्या ओळीची: ‘पित्यापासून’ की ‘पित्यापासून व पुत्रापासून’? केरळातल्या मलंकारा परंपरेतले ऑर्थोडॉक्स पाहुणे असतील तर दुसरं रूप त्यांच्या तोंडी येणार नाही. 325च्या निकेया परिषदेत सुरू होऊन 381ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये पूर्ण झालेल्या मूळ पाठात ‘व पुत्रापासून’ नाही. तो पाठ छापा, वाद मिटतो. तिसरं, प्रेषितांचा विश्वासांगीकार छोटा आणि पाठ असतो म्हणून तोच घेण्याचा मोह होतो, पण पूर्वेकडच्या मंडळ्यांत तो उपासनेत म्हणत नाहीत. निकेयाचाच घ्यावा.

पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या बहुतेक ठिकाणी या कार्यक्रमाला येत नाहीत. लिहिलेल्या प्रार्थना त्यांना जड वाटतात. मध्यस्थीच्या प्रार्थनांपैकी एक न लिहिता, उत्स्फूर्त, दोन मिनिटांची ठेवून ती त्यांच्याकडे सोपवली तर बऱ्याच अंशी दार उघडतं. यातलाच एक प्रवाह केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतो आणि त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव) मानत नाही. देव एकच, हे त्यांचंही वाक्य, पण अर्थ निराळा. त्यांना आमंत्रण द्यायला काहीच आडकाठी नाही; त्यांच्यासाठी विश्वासांगीकार मात्र पातळ करू नये. जागतिक चर्च परिषदेने आपल्या पायाभूत वचनात पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे शब्द घातले ते 1961च्या नवी दिल्लीच्या अधिवेशनात. या पुस्तिकेचं सगळं बांधकाम त्या पायावर आहे.

‘बाप्तिस्मा एकच’ या ओळीवर प्रवचन करणाऱ्याला हाताशी चांगला दाखला आहे. 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही होते. म्हणजे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी कबुलीनंतरच देणारे एका छपराखाली आले आणि दोन्ही पद्धती मान्य ठरल्या. त्याच वेळी अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट बाहेर राहिले, तेही सांगावं. नुसत्या गोड गोष्टी सांगितल्या की भायखळ्याच्या बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांचा विश्वास बसत नाही.

पत्रिकेची छपाई. ए-4 कागद मधोमध दुमडून ए-5 आकाराची 16 पानी पत्रिका पुरते. एका प्रतीला चार कागद. 120 प्रतींना 480, म्हणजे एका रिममध्ये काम होतं आणि वीस कागद जुळणीच्या चुकांसाठी उरतात. पानं चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको, कारण संध्याकाळच्या उजेडात चष्मेवाले अर्धे असतात. चालकाचे शब्द साधे, सर्वांचे ठळक. तिरकी देवनागरी वाचवत नाही. प्रतिसादापुढे ‘मंडळी’ असं लिहू नका, ‘सर्व’ लिहा. उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं याच्या सूचनाही छापाव्यात. शुभवर्तमानाच्या वाचनाला कॅथलिक आपसूक उठतात, इतर बसून असतात आणि मग एकमेकांकडे पाहत अर्धवट उठतात.

सर्वांत जास्त नासाडी फाँटमध्ये होते. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्यात जुन्या फाँटमध्ये बदलला की जोडाक्षरं फुटतात. ‘ख्रिस्त’, ‘बाप्तिस्मा’, ‘दुसऱ्या’ आणि ‘आत्म्याने’ हे चार शब्द आधी शोधावेत. ते शाबूत असतील तर बाकीचं बहुधा ठीक असतं. त्यापेक्षा सरळ पीडीएफ द्या आणि बदल करू देऊ नका.

उपासनेत एखादी प्रतीकात्मक कृती असेल तर मेणबत्तीची सोपी वाटते. पण मुंबईत जानेवारीतही पंखे सुरू असतात. कुलाबा, वांद्रे इथे वर समुद्राचा वारा. मेणबत्त्या पेटवायच्या पाच मिनिटं आधी पंखे बंद करायला एक माणूस बटणांपाशी नेमावा. पुठ्ठ्याच्या दहा सेंटिमीटरच्या चकतीला मधे अधिक चिन्हासारखी चीर देऊन मेणबत्ती खोचली की मेण हातावर आणि सागवानी बाकांवर गळत नाही. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, विझलेली तिरकी करून लावून घ्यायची. उलट केलं की मेण सांडतं. पदर डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या रांगेत हे आधी सांगितलेलं बरं.

मराठी गाण्यांसाठी पुस्तिकेची काही मदत होत नाही. ना. वा. टिळकांची गीतं मराठी प्रोटेस्टंटांना तोंडपाठ असतात आणि अभंगाच्या चालीमुळे कॅथलिकांनाही दुसऱ्या कडव्याला धरता येतात. ‘उपासना संगीत’मधला नुसता क्रमांक देऊन भागत नाही, कारण कॅथलिकांच्या हातात ते पुस्तक नसतं, शब्द छापा. पट्टी खाली ठेवा. गायकवृंद काळी चारमध्ये सुरू करतो आणि बाकांवरची माणसं दुसऱ्या ओळीला गप्प होतात. चार गाणी पुरेत, त्यातली दोन तरी सगळ्यांना येणारी.

एक उणीव या वर्षीच्या पुस्तिकेला दोष देऊन भरून निघणारी नाही. आर्मेनियन मसुद्यात जातीचा प्रश्न येण्याचं कारण नाही, पण मराठी मंडळ्यांत पंथाची भिंत आणि जातीची भिंत पुष्कळदा एकाच जागी उभी असते. 2013चं साहित्य भारतातून गेलं होतं, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियाकडून. मीखा 6:6 ते 8 हा पाठ आणि केंद्रस्थानी दलित ख्रिस्ती. पापकबुलीचा भाग तिथून उचलून 2026च्या क्रमात बसवावा. सांधा दिसत नाही.

आर्मेनियाची ओळख करून द्यायला मुंबईत फार लांब जावं लागत नाही. फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर सेंट पीटर हे आर्मेनियन चर्च आहे. त्या व्यापारी वस्तीची हीच मोठी खूण उरली आहे. चौथ्या शतकाच्या उंबरठ्यावर, परंपरेने 301 साली, राज्याचा धर्म म्हणून ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा हा देश. त्यांची मंडळी प्राचीन चर्चच्या पहिल्या तीन परिषदा मानते, 451ची खाल्केदोनची नाही, आणि नाताळ 6 जानेवारीला प्रकटीकरणाच्या सणासोबतच करते. प्रवचनात एवढं दोन मिनिटांत सांगितलं तरी लोकांना कळतं की हा मसुदा ना रोमचा आहे ना जिनिव्हाचा.

पुढच्या वर्षीचं साहित्य आदल्या वर्षीच उपलब्ध होतं. भाषांतराला सहा आठवडे धरा, एक माणूस कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, आणि पहिल्याच बैठकीत ‘ऋणे’ की ‘अपराध’ ते ठरवून घ्या.